परातीतलं शेवटचं घर

"बाई, तुम्ही पेपर वाचून भूगोल शिकवायचात ना?" असं जुनी एखादी विद्यार्थिनी भेटून कौतुकानं म्हणाली, की मी चटकन तिच्या मुलाबाळांची चौकशी सुरू करते. कौतुक कोणाला नको असतं? मलाही हवंच असतं. पण हे एक कौतुक माझ्या घशाखाली उतरत नाही. त्याच्या मागोमाग एक पितळी परात येते, परातीत वाळू, वाळूत काड्यापेट्यांची घरं, आणि कडेला दोन्ही हातांनी परात धरून हसत उभी असलेली अकरा-बारा वर्षांची मुलगी.

त्या वेळी मी डोंबिवलीला आईवडिलांकडे राहायची आणि कल्याणला मुलींच्या एका शाळेत भूगोल शिकवायची. भूगोलाचं पुस्तक म्हणजे आनंदच होता. स्वातंत्र्य मिळून इतकी वर्षं झाली तरी त्यातल्या नकाशात लाहोर आणि कराची आपलीच होती. भूकंपाच्या धड्यात परदेशातल्या कुठल्या तरी बंदराचं काळंकुट्ट चित्र, ज्वालामुखीच्या धड्यात तर डोंगर की चूल हेच कळायचं नाही. मुली घोकायच्या, मी घोकून घ्यायची. सगळ्यांनाच झोप यायची. मी मुळात उतावळी आणि तोंडाळ. मला हे जमेना. मग मी पेपरातल्या बातम्या वर्गात न्यायला सुरुवात केली.

आमच्या घरी पेपर आधी वडील वाचत, अगदी जाहिरातींसकट. मग तो शेजारच्या पोस्टातल्या काकांकडे जाई, तिथून परत यायला दिवेलागण होई. त्यानंतर मी कात्री घेऊन बसायची. वडील म्हणायचे, "अगं, पेपर आहे तो, पापड नव्हे. किती भोकं पाडशील?" म्हणजे आजची बातमी वर्गात पोचायची ती उद्या. मुली वात्रट. त्यांनी त्याला नाव ठेवलं होतं, 'बाईंची शिळी पोळी'. मी वर्गात शिरले की मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणायची, "आली गं शिळी पोळी." पण ती पोळी त्यांना आवडायची. एव्हरेस्टवर माणूस पोचला तेव्हा मी सगळ्या वर्गाला नाक चिमटीत धरून, तोंडानं थोडा थोडा श्वास घेत शाळेचा जिना चढायला लावला होता. विरळ हवा म्हणजे काय ते एका जिन्यात कळलं. मोठ्या बाईंनी मला बोलावून झापलं, पण झापता झापता त्यांनाही हसू आलं. तेव्हापासून मी जरा हवेतच होते. आपल्याला काहीतरी निराळं जमतं अशी खात्री झाली की माणूस कसं होतं, तशी मी झाले होते.

त्या वर्षी गुरुपौर्णिमा रविवारी आली. म्हणून मुली सोमवारी फुलं घेऊन आल्या. टेबलावर अनंताचा ढीग पडला, सगळ्यांनी वाकून नमस्कार केले. त्यातच ती मुलगी होती. तिच्या वडिलांचं कल्याणच्या बाजारात भुसाराचं दुकान होतं, खाली दुकान आणि वर माळ्यावर बिऱ्हाड. ती घरी कच्छी बोलायची आणि शाळेत आमच्यापेक्षा शुद्ध मराठी. चार भावंडांत थोरली, त्यामुळे हात कामाला बसलेले. दुकानात धान्य चाळायची, घरी धाकट्या भावाचा पाळणा हलवायची, आणि उरलेल्या वेळात अभ्यास करून वर्गात दुसरी-तिसरी यायची. मला ती फार आवडायची. हे आत्ता सांगून काही उपयोग नाही, पण आवडायची.

त्याच सोमवारी सकाळी, मी शाळेला निघायच्या गडबडीत असताना वडील ओट्यावरून ओरडले, "कच्छात भूकंप झाला शनिवारी रात्री. घरंच्या घरं बसलीत."

आणि माझ्या तोंडून काय निघावं? "अय्या, बरं झालं!"

आई पोळी लाटत होती. तिचं लाटणं थांबलं. "जीभ आवर गं," ती म्हणाली. "माणसं मेलीत तिथे."

"तसं नव्हे," मी म्हटलं, "याच आठवड्यात माझा भूकंपाचा धडा आहे."

जिभेला हाड नसतं हे खरं, पण मनाला तरी असावं की नाही? माझ्या मनात खरोखरच आधी धडा आला आणि नंतर माणसं आली. तीही आईनं आणली म्हणून आली.

संध्याकाळी पेपर हाती आला. मी बातमी कापली आणि कामाला लागले. आईची पितळी परात घेतली. शाळेच्या शिपायाला विड्या ओढायची सवय होती, त्याच्याकडून रिकाम्या काड्यापेट्या आधीच जमवल्या होत्या. त्यांना कागदाची छपरं चिकटवली. वाळू खाडीकाठची, शाळेच्या डागडुजीसाठी आणून टाकलेली, तीच घ्यायची ठरवली. मला मुलींना एकच गोष्ट दाखवायची होती. घर कसं बांधलंय आणि कशावर बांधलंय, यावर ते पडणार की राहणार हे ठरतं. नुसती वाळूवर टेकवलेली घरं, वाळूत खोल रोवलेली घरं, आणि दोऱ्यानं एकमेकींना बांधलेल्या पेट्यांचं एक घर, अशी मांडणी ठरवून घरं रिकाम्या परातीत लावून बघितली. वडील बघायला आले. म्हणाले, "झकास आहे." मी रात्री समाधानानं झोपले.

मंगळवारी मधल्या सुट्टीनंतर माझा तास. मी बातमी वाचून दाखवली. 'कच्छ' हा शब्द उच्चारला मात्र, ती मुलगी हात वर करून उभीच राहिली. तोंड फुललेलं. "बाई, बाई, कच्छ म्हणजे आमचा मुलूख!"

तिला घरी कोणी काही सांगितलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. वडिलांनी तारा केल्या होत्या, उत्तर नव्हतं, मोठी माणसं आपसांत कुजबुजत होती, आणि मुलांच्या कानावर काही जाऊ देत नव्हती. तिला फक्त एवढंच ठाऊक, की आपल्या मुलखाचं नाव आज वर्गात निघालं.

"तिथे कोण आहे गं तुझं?" मी विचारलं.

"माझी नानी. आईची आई."

इथे थांबायला हवं होतं. कोणीही शहाणी बाई थांबली असती. परात तिथेच झाकून ठेवून म्हणाली असती, की आज आपण नद्यांचा धडा घेऊ. पण माझ्या डोक्यात काय आलं ते सांगते. मला वाटलं, वा! बातमी ताजी, धडा तोच, आणि वर्गात त्याच मुलखाची मुलगी. असा योग कधी येतो?

"अगं, एवढं मोठं कच्छ," मी म्हटलं, "तुझ्या नानीचंच घर कशाला पडतंय? बरी असेल ती. चल, मग तूच ये पुढे. परात तूच हलव."

ती उड्या मारतच आली. परातीच्या कडा तिनं दोन्ही हातांनी धरल्या आणि हलवायला लागली. पण सवयीचे हात. धान्य चाळल्यासारखे, पाळणा हलवल्यासारखे, इकडून तिकडे, संथ. एकही घर पडेना. मुली खुसखुसायला लागल्या.

"अगं, भूकंप आहे हा," मी म्हटलं, "बाळाला निजवतेयस का? जोरात!"

वर्ग हसला. तीही हसली आणि तिनं जोर लावला. टेबल खडखडलं. टेकवलेली घरं पहिल्या झटक्याला आडवी. रोवलेली कलली, मग पडली. "अजून, अजून!" मुली ओरडत होत्या. दोऱ्यानं बांधलेलं घर तेवढं वाळूत इकडून तिकडे सरकत उभं राहिलं. तेच तर मला दाखवायचं होतं. तिथे हात थांबवून मी सांगायला हवं होतं, बघा, हे का राहिलं? पण वर्ग रंगला होता आणि मीही रंगले होते.

"एक राहिलंय बघ," मी म्हटलं. "पाड ते!"

तिनं ओठ घट्ट मिटले आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर काढून परात हिसडली. शेवटचं घर उलटं होऊन टेबलावरून खाली पडलं. कालच्या अनंताचा पेला कलंडला. सगळ्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. ती कमरेवर हात ठेवून, धापा टाकत, नाटकात पहिलं बक्षीस मिळाल्यासारखी उभी होती.

तास इतका छान झाला, की शिक्षकांच्या खोलीत मी त्याचं वर्णन दोनदा केलं.

गुरुवारी ती शाळेत आली नाही. शिपाई म्हणाला, "त्यांचं दुकान बंद आहे. गावाकडे कोणीतरी गेलं म्हणतात." कोण गेलं हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. पण मला माहीत होतं.

आठवड्याभरानं ती परत आली. मी तिला जवळ घेतलं, नानीबद्दल वाईट वाटलं असं म्हटलं. ती मान खाली घालून "हो बाई" म्हणाली. बस. अभ्यास करायची, विचारलेलं सांगायची, पण हात वर करायची नाही. दुःख आहे, ओसरेल, असं मी स्वतःला समजावलं. मुलांचं दुःख पावसाच्या सरीसारखं असतं, असं आमच्यातल्या एक वयस्कर बाई म्हणायच्या. मला ते ऐकून बरं वाटायचं, कारण मला बरंच वाटून घ्यायचं होतं.

पुढे श्रावणात एक दिवस तिचे वडील शाळेत आले. पांढरं धोतर, काळी टोपी, हातात टपकणारी छत्री. ते मोठ्या बाईंकडे गेले नाहीत, थेट मला विचारत आले.

"बेन, पोरीला काय झालं ते समजत नाही," ते म्हणाले. "चाळणीला हात लावत नाही. ते ठीक, नोकर आहे. पण भावाचा पाळणाही हलवत नाही. पोर रडून रडून काळंनिळं होतं, ही बाजूला उभी राहून रडते, पण हात लावत नाही. तिच्या आईनं मारलं काल. तरी नाही. तुमचं नाव घरी फार घेते. तुम्ही विचारून बघा ने."

मी घरी आल्यावर आईला सांगितलं. परातीचं आईला माहीतच होतं, परात तिचीच होती. ती म्हणाली, "जा. सोनारानंच कान टोचलेले बरे." आणि वर, "टोचताना डोळ्यात नको घालूस म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्यांच्या दुकानात गेले. श्रावणातलं ऊन पडलं होतं, बाजार चिखलानं भरलेला. मुलगी माझ्या आधी घरी पोचून माळ्यावर गेली होती. वडिलांनी मला गादीच्या कडेला बसवलं आणि आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "वर जाण्याआधी एक ऐकून घ्या, बेन. पोरीला आम्ही सांगितलंय, की नानी शनिवारी रात्रीच गेली, झोपेत, तिला काही कळलं नाही. तुम्हीही तेच सांगा."

"आणि खरं?"

त्यांनी माळ्याकडे बघितलं. "तिचा मामा येऊन सांगून गेला. भिंतीखाली होती. आवाज येत होता. लोक उकरत होते, पण गल्ली अरुंद, वरून दगड येत होते. मंगळवारी दुपारपर्यंत आवाज येत होता. मग बंद झाला."

मंगळवारी दुपारी.

मी भूगोल शिकवणारी बाई. कल्याणच्या शाळेत टेबलावर परात हिसडली म्हणून कच्छात भिंत हलत नाही, हे मला माहीत नव्हतं का? पण तेव्हा, तिथे गव्हाच्या पोत्यांमध्ये बसून, मला एकच दिसत होतं. तिकडे म्हातारी हाका मारत होती आणि इकडे मी टाळ्या वाजवत होते. "एक राहिलंय बघ, पाड ते" म्हणत होते. कशाचा कशाशी संबंध नाही हे कळत असूनही मला पळून जावंसं वाटलं.

मी शिडी चढून वर गेले. माळा बुटका, लाकडी फळ्यांची जमीन. पाळण्यात पोर किरकिरत होतं. आई मागच्या बाजूला चुलीशी होती. मुलगी खिडकीत गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. मी तिच्याशेजारी बसले.

"पाळणा का नाही गं हलवत?"

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बाई, बाकीची घरं तर आपोआप पडली. पण ते शेवटचं राहिलं होतं. ते मी पाडायला नको होतं."

माझे डोळे भरून आले, भरून कसले, घळाघळा वाहायला लागले. मला ते थांबवताच येईना. मी पदरानं तोंड पुसत होते आणि ती माझ्याकडे टक लावून बघत होती.

खरं म्हणजे सांगायला किती सोपं होतं. अगं बाळ, परात ही परात आणि जमीन ही जमीन. तू हलवलीस ती परात. नानी केव्हा का गेली असेना, शनिवारी, मंगळवारी, आपल्या हलवण्याचा तिच्याशी काही एक संबंध नाही. आणि हलव म्हणणारी मी होते, तू नव्हेस. एवढंच पुरलं असतं. पण मंगळवारची दुपार माझ्या डोक्यात घुमत होती, आणि मला तिच्यापासून, आणि माझ्यापासूनही, ती दुपार लपवायची होती. म्हणून मी शिकवायला लागले. माझं हुकमी काम.

"हे बघ," मी म्हटलं, "बातमी नेहमी उशिरा येते. तुम्ही मुली माझ्या बातमीला शिळी पोळी म्हणता की नाही?"

ती दचकली. मला माहीत आहे हे तिला माहीत नव्हतं.

"बरोबर म्हणता. भूकंप झाला शनिवारी रात्री. पेपरात आला सोमवारी. वर्गात आला मंगळवारी. आपण परात हलवली तेव्हा तिकडचं सगळं होऊन गेलं होतं. तुझी नानी शनिवारी रात्रीच देवाघरी गेली होती, झोपेत. जे होऊन गेलं ते तू कसं पाडशील?" आणि खिडकीतून येणारं ऊन मी तिला दाखवलं. "हा उजेड बघ. हासुद्धा आत्ताचा नाही. सूर्यापासून निघून आपल्यापर्यंत यायला त्याला आठ मिनिटं लागतात. आपण बघतो तो सूर्य आठ मिनिटांपूर्वीचा. रात्रीच्या ताऱ्यांचा उजेड तर कित्येक वर्षांपूर्वी निघालेला असतो. जे आपल्याला आत्ता कळतं, ते आधीच घडलेलं असतं. समजलं?"

उजेडाचं सगळं खरं होतं. बातमीचंही. त्यात नानीची तेवढी खोटी गोष्ट मी बेमालूम बसवून दिली. शिकवण्याची हातोटी म्हणतात ती हीच.

ती अजून माझ्याकडेच बघत होती. मग म्हणाली, "हो बाई."

ती उठली, पाळण्याजवळ गेली, दोरी हातात घेतली आणि हलवायला लागली. इकडून तिकडे, संथ. पोर हळूहळू गप्प झालं. चुलीजवळून तिची आई धावत आली, बघत राहिली, आणि तिनं मला हात जोडले. मी खाली उतरले तर वडील गल्ल्यावरून उठून उभे. त्यांनी खडीसाखरेचा एक पुडा माझ्या हातात दिला. "नको" म्हणायचं माझ्या मनातही आलं नाही. मी तो पुडा घेतला, आणि घरी जाता जाता त्यातली साखर खाल्लीसुद्धा. इतकं हलकं वाटत होतं.

शाळेत मी हेही सांगितलं. एका मुलीच्या मनातली भीती मी विज्ञानानं कशी काढली, अशा थाटात. मोठ्या बाई म्हणाल्या, "शाबास." आईला सांगितलं तेव्हा तिनं फक्त विचारलं, "म्हातारी खरंच झोपेत गेली का?" मी म्हटलं, "त्यानं काय फरक पडतो?" आई म्हणाली, "मला नाही पडत. तिला पडेल." मला राग आला. आपण एवढं केलं आणि हिचं काहीतरीच, असं वाटलं.

पुढच्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीआधी, रशियानं आकाशात कृत्रिम चंद्र सोडला. काय धमाल उडाली होती! वडिलांनी पहिल्यांदाच पेपर आधी माझ्या हातात दिला. म्हणाले, "घे, आज ताजी पोळी ने." मी वर्गात दोरीला चेंडू बांधून गरगर फिरवून दाखवला. स्वतःच्या हातानं. परातीनंतर वर्गात कुठलीही गोष्ट हलवायला मी मुलीला पुढे बोलावलं नव्हतं. मुलींनी शंभर प्रश्न विचारले. तो खाली का पडत नाही, वर कोण बसलंय, आपल्या घरावरून जातो का. ती आता वरच्या वर्गात आली होती, उंच झाली होती. ती गप्प ऐकत होती.

तास संपल्यावर ती भिंतीवरचा नकाशा गुंडाळायला थांबली. मी टेबल आवरत होते.

"बाई," ती नकाशा गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "मामा आला होता ना, तेव्हा मी माळ्यावरच होते. फळ्यांतून खालचं सगळं ऐकू येतं."

मी हातातला चेंडू टेबलावर ठेवला.

"तुम्ही आलात त्या दिवशी बाबा तुम्हाला सांगत होते, तेही ऐकू आलं."

म्हणजे मी शिडी चढून वर गेले तेव्हा तिला सगळं माहीत होतं. मंगळवार, दुपार, आवाज. शेवटच्या घराचं ती जे म्हणाली, ते हे सगळं माहीत असून म्हणाली. आणि मी पदरानं डोळे पुसत तिला आठ मिनिटांपूर्वीचा सूर्य दाखवत होते.

"मग तू 'हो' का म्हणालीस गं?" मी विचारलं.

"तुम्ही रडत होतात," ती म्हणाली. जणू त्यात विचारण्यासारखं काय आहे.

"आणि पाळणा?"

"तो हलवला नसता तर तुम्ही अजून रडला असतात." मग नकाशाची दोरी बांधत, "नंतर सवय झाली. हलवताना मी मनात दुसरं काहीतरी म्हणत राहते."

एवढंसं पोर. एक वर्षभर स्वतःचं ओझं वाहत होती, आणि त्यावर माझंही घेऊन चालली होती. आणि मी शाबासकी घेऊन, खडीसाखर खाऊन मोकळी. मला स्वतःची इतकी लाज वाटली, की त्या मुलीच्या तोंडाकडे बघवेना. पण बघितलं. तिचे दोन्ही खांदे धरले आणि जे पहिल्याच दिवशी सांगायचं होतं ते सांगितलं. की होय, मी खोटं बोलले, चुकले. नानी मंगळवारीच गेली. पण ती परातीमुळे गेली नाही. परातीचा आणि जमिनीचा काडीचाही संबंध नसतो. त्या दिवशी तू परातीला हातही लावला नसतास तरी तेच झालं असतं. आणि 'पाड ते' असं मी म्हटलं होतं. दोष असलाच तर हसल्याचा, टाळ्यांचा, आणि तो माझा आहे, तुझा नाही.

तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. गुंडाळलेला नकाशा छातीशी धरून ती माझ्या डोळ्यांकडे बघत होती. मी आता रडतेय की नाही, हे ती बघत होती, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

"खरंच नसतो संबंध?" तिनं विचारलं.

"नसतो. अगदी खरं सांगते."

"मागच्या वेळीही तुम्ही असंच सांगितलं होतं," ती म्हणाली. रागानं नाही, आठवण करून द्यावी तसं.

मी पुन्हा सांगितलं, की नसतो. आणखी एकदा सांगितलं. माझे डोळे भरून आले होते, आणि ते तिला दिसले.

"हो बाई," ती म्हणाली. त्या दिवशी माळ्यावर म्हणाली होती, अगदी तसंच. नकाशा कोपऱ्यात उभा करून ठेवला, आणि घरी गेली.